पन्नास वर्षं पुरून ठेवलेली प्लिमथ

१५ जून १९५७. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं टल्सा शहर. राज्याच्या स्थापनेला पन्नास वर्षं झाली म्हणून गावकऱ्यांनी कोर्टाच्या हिरवळीत मोठा खड्डा खणला आणि त्यात एक कोरी करकरीत गाडी उतरवली. सोनेरी-पांढरी, शेपटाला उंच पंख फुटलेली, प्लिमथ बेल्व्हेडियर. ती काढायची होती २००७ साली. तोवर पेट्रोल मिळेनासं झालं तर खोळंबा नको, म्हणून डिकीत पेट्रोल आणि ऑइलचे डबे ठेवले. बिअरची पेटीही ठेवली. गाडीच्या अंगाला गंजरोधक मलम फासलं, वर आवरण गुंडाळलं, भोवती काँक्रीटची कोठी बांधली. ही कोठी अणुहल्ल्यालाही दाद देणार नाही, अशी तेव्हा बढाई होती.

अणुबॉम्ब पडला नाही. पाणी शिरलं.

बरोबर पन्नास वर्षांनी कोठी उघडली तेव्हा आत पाणी साचलेलं होतं आणि आवरणाखालून चिखल-गंजाने माखलेला एक सांगाडा निघाला. पंखांवरून तेवढी गाडी ओळखू येत होती. सुरू करण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे न्यू जर्सीत नेऊन तिच्या अंगावरचा गंज महिनोन्‌महिने उतरवला, तेव्हा कुठे मूळ रंग थोडाफार दिसला. २०१७ मध्ये ती इलिनॉयमधल्या एका संग्रहालयात गेली.

आता दुसरी बाजू. त्याच १९५७ साली कारखान्यातून निघालेल्या, मूळ रंगासकट आजही रस्त्यावर धावणाऱ्या अमेरिकन गाड्या आहेत. त्यांना कोणी पुरलं नव्हतं. दर रविवारी कोणीतरी किल्ली फिरवून त्यांना चार गावं हिंडवून आणत होतं. जुनी गाडी कशी जपावी याचं अर्धं उत्तर या दोन गाड्यांमधल्या फरकात आहे.

गंज समजून घ्यायचा तर पत्र्यावर पडलेला पाण्याचा एकच थेंब बघावा. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी कमी पोचतो. कडेच्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन लागतात. ते मधलं लोखंड पुरवतं आणि पुरवता पुरवता स्वतः विरघळतं. म्हणजे एवढ्याशा थेंबाखाली एक बॅटरीच चालू असते. थेंब वाळल्यावर तांबूस कडं डोळ्यांना दिसतं, खड्डा मात्र आत पडलेला असतो. पाण्यात मीठ असेल तर ही बॅटरी आणखी जोरात चालते. अमेरिकेच्या उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तिथल्या कितीतरी गाड्या काही हिवाळ्यांतच खाल्ल्या जातात.

म्हणूनच जाणकार माणूस जुनी गाडी बघायला गेला की बोनेटच्या चकाकीकडे ढुंकूनही पाहत नाही. तो गुडघ्यावर बसतो आणि दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवतो. मडगार्डच्या आतली कड, डिकीच्या गालिच्याखालचा तळ, पत्र्याची दुमडलेली शिवण, चिखल आणि ओल तिथेच दबा धरून बसतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगतो आणि रंगाला आतून उचलतो. बाहेर चण्याएवढा फुगवटा दिसला तर आत रुपयाएवढं भोक असायचं.

मग टल्साच्या कोठीचं काय चुकलं? काँक्रीट बाहेरून दगडासारखं वाटलं तरी त्यात बारीक छिद्रं असतात, आणि वाळताना ते आकसतं, त्याला तडे जातात. एकदा ओल आत शिरली की बाहेर पडायला वाट नाही. त्याच खड्ड्यात वेल्डिंग करून बंद केलेला पोलादाचा एक डबाही ठेवला होता. त्यातला झेंडा आणि कागद सुस्थितीत निघाले! हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग झपाट्याने वाढतो, त्यामुळे चांगली संग्रहालयं ती त्याच्या खालीच ठेवतात. फार कोरडी हवाही चालत नाही, कातडी सीटा तडकतात. घरी गाडी झाकायला प्लास्टिकची ताडपत्री वापरणं म्हणजे टल्साचाच धाकटा प्रयोग. कपडा सुती, हवा खेळू देणारा हवा. पावसाळ्यात बंद कपाटातल्या चामडी बुटांवर बुरशी धरलेली ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

पण कोरड्या गॅरेजमध्ये नुसती उभी गाडीसुद्धा झिजते.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो, त्याचं हे पाणी. एरवी ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. इंजिन थंड असेल तर ते सायलेन्सरच्या आत दवासारखं जमतं आणि थोडं इंजिन ऑइलमध्येही उतरतं. ‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवतो’ असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या या पाच मिनिटांनी गाडीत फक्त पाणी भरतं. अर्धा तास रस्त्यावर दामटली, ऑइल नीट तापलं, तरच ते उडून जातं. तेवढा वेळ नसेल तर मुळीच सुरू न केलेली बरी.

टाकीतलं पेट्रोलही स्वस्थ बसत नाही. हलके घटक उडून जातात, उरलेल्यांतले काही ऑक्सिजनशी जुळून चिकट डिंक होतात, आणि तो कार्बोरेटरच्या, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागाच्या, केसाएवढ्या भोकांत अडकतो. त्यात इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं आणि जुन्या रबराच्या नळ्या फुगवतं, मऊ करतं. उसाच्या मळीपासून इथेनॉल काढणाऱ्या महाराष्ट्रात हा प्रश्न अमेरिकेइतकाच घरचा आहे. प्लिमथ हे नावही आपल्याला परकं नाही: वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्याही आधी डॉज आणि प्लिमथ जुळवल्या जात.

ब्रेक ऑइलची गोष्ट जास्त गंभीर. तेही पाणी शोषतं, आणि पोलादी नळी आतून कुरतडली जाते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक अमेरिकन गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच ऑइलच्या वाटेवर असत. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. तेव्हा गाडी दिसायला कितीही देखणी असो, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचंच.

काही आजार मात्र नव्या काळाने दिले. जुन्या पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर व्हॉल्वच्या, म्हणजे इंजिनातल्या उघडझाप करणाऱ्या झडपांच्या, बैठकीला उशीसारखा जपत असे. शिसं विषारी म्हणून बंद झालं, अमेरिकेत १९९६ पर्यंत आणि आपल्याकडे २००० साली, आणि ते योग्यच झालं. जुन्या इंजिनाची मऊ बिडाची बैठक मात्र सतत जोरात चालवलं तर ठोके खाऊन खाऊन खचते. इंजिन खोलायची वेळ आलीच तर तिथे कडक पोलादाच्या रिंगा बसवून घेतात. त्यासाठी मुद्दाम इंजिन खोलू नये.

आणि रंग? इथे माझं मत जरा हट्टी आहे. मूळ रंगावर दोन-चार ओरखडे असले तर असू द्यावेत. कारखान्याचा रंग जेमतेम केसाच्या जाडीएवढा असतो आणि चकाकीसाठी दर वेळी घासताना त्यातला थोडा निघून जातो. पोलादी बंपरवरचं क्रोम तर त्याहून कितीतरी पातळ, खरं राखण करतो त्याच्याखालचा निकेलचा थर. खरवडून नवा रंग दिला की त्या कारखान्यात, त्या वर्षी, गाडी कशी रंगवत याचा पुरावाच गेला. फिलाडेल्फियाच्या सिमिओन संग्रहालयात १९६४ ची शेल्बी कोब्रा डेटोना कूप आहे, शर्यतींतल्या खुणा अंगावर तशाच ठेवलेली. २०१४ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पहिली नोंद तिचीच झाली.

बारीक गंज दिसला तर तेवढाच घासून त्यावर टॅनिक आम्लाचा द्रव लावतात. तांबूस गंज बघता बघता निळसर काळा होतो आणि टिकाऊ संयुग बनून बसतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करत, तीही याच रसायनाची: हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह. पत्रा आरपार गेला असेल तर मात्र कुठलीही बाटली कामाची नाही. तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागतो. त्यावर नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारणारे कारागीर असतात. तिसऱ्या पावसाळ्यात फुगवटा पुन्हा वर येतो.

टल्साकरांची हौस फिटलेली नाही. १९९८ मध्ये त्यांनी आणखी एक गाडी बंद केली, तीही प्लिमथच, प्राउलर नावाची. या वेळी कोठी जमिनीच्या वर बांधली. गाडी बरीचशी ॲल्युमिनियमची आहे. ॲल्युमिनियमवर येणारा ऑक्साइडचा थर घट्ट चिकटून राहतो आणि खालच्या धातूला वाचवतो. पण ॲल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट बसवला आणि दोघांमध्ये ओल शिरली, की या वेळी ॲल्युमिनियम विरघळायला लागतं. प्लिमथ या ब्रँडचा गाशा २००१ मध्येच गुंडाळला गेला. कोठी उघडायची आहे २०४८ साली.