योग्यता प्रमाणपत्र (मोटार वाहन)

परिवहन संवर्गातील मोटार वाहन रस्त्यावर चालविण्यायोग्य स्थितीत असल्याबद्दल विहित अधिकाऱ्याने किंवा प्राधिकृत चाचणी केंद्राने तपासणीअंती दिलेला दाखला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ मध्ये त्याची तरतूद असून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना ३८ मध्ये तो दिला जातो. व्यवहारात तपासणीला ‘पासिंग’ आणि दाखल्याला ‘फिटनेस’ म्हणतात. ट्रक, टेम्पो, बस, टॅक्सी, रिक्षा ही त्याच्या कक्षेतील नेहमीची वाहने होत.

भारतातील मोटारविषयक पहिला सर्वदेशीय कायदा १९१४ चा. त्याने नोंदणी व चालकाचा परवाना यांची चौकट घातली आणि तपशिलाचे नियम करण्याचे काम बहुतांशी प्रांतिक सरकारांवर सोपविले. भाड्याच्या वाहनांच्या तपासणीची बीजे या प्रांतिक नियमांत शोधता येतील. तथापि आजच्या अर्थाने या प्रमाणपत्राचा आरंभ १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ३८ पासून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. वैध योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर परिवहन वाहनाची नोंदणीच वैध मानली जाणार नाही, हे सूत्र त्या कलमात प्रथम स्पष्टपणे येते आणि १९८८ च्या अधिनियमाने ते जवळजवळ त्याच शब्दांत पुढे चालविले आहे.

या सूत्राचे परिणाम दूरगामी आहेत. प्रमाणपत्राची मुदत संपली की वाहन १९८८ च्या अधिनियमाच्या कलम ३९ च्या दृष्टीने विनानोंदणी ठरते आणि कलम १९२ खालील शिक्षेस पात्र होते. १९९४ च्या दुरुस्तीपासून पहिल्या अपराधासाठी हा दंड किमान २,००० व कमाल ५,००० रुपये आहे. अधिक वादग्रस्त ठरलेला प्रश्न विम्याचा. मुदत संपलेल्या वाहनाने अपघात केल्यास विमा कंपनीला आपली जबाबदारी झटकता येते काय, यावर न्यायालयांत दोन विचार आढळतात. पहिल्या विचारानुसार ही उणीव केवळ तांत्रिक असून, अपघाताशी तिचा कार्यकारणसंबंध दाखविल्याखेरीज तिला महत्त्व देऊ नये. दुसऱ्यानुसार ज्या वाहनाची नोंदणीच कायद्याच्या दृष्टीने उरत नाही, ते रस्त्यावर आणणे हा विमा कराराच्या मूलभूत अटींचा भंग होय. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१८ मध्ये दुसरा विचार स्वीकारला. कलम ५६ ची शब्दयोजना पाहता तोच अधिक सुसंगत वाटतो. अशा प्रकरणांत कंपनीने जखमींना किंवा वारसांना आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असे आदेश दिले जातात. त्यामुळे वादाचा भार सहसा अपघातग्रस्तांवर पडत नाही.

प्रमाणपत्र सर्वत्र ‘वार्षिक’ म्हणून ओळखले जात असले, तरी ते वर्णन आता अंशतःच खरे आहे. केंद्रीय नियमांतील नियम ६२ अन्वये नव्या वाहनाला दोन वर्षांचे प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर पूर्वी दरवर्षी नूतनीकरण करावे लागे. २०१८ च्या दुरुस्तीपासून वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत ते दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी करावे लागते. मुदतीत असलेले प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते. मात्र वाहनाची स्थिती बिघडल्याचे आढळल्यास कारणे लेखी नमूद करून ते केव्हाही रद्द करता येते.

तपासणीत ब्रेक, सुकाणू, दिवे, परावर्तक, काचा, वायपर, भोंगा, धूरनलिका, वेगदर्शक इत्यादी भाग पाहिले जातात. सुकाणूचक्राची मोकळी फिरत ३० अंशांपेक्षा अधिक नसावी, असा दंडक आहे. मोठ्या वाहनांच्या टायरची नक्षी १.६ मिमी. पेक्षा कमी खोल चालत नाही. मोटार वाहन निरीक्षकाची नजर व अनुभव हेच दीर्घकाळ या तपासणीचे मुख्य साधन राहिले. या पद्धतीत ब्रेकची खरी परीक्षा धावत्या वाहनावरच होते आणि त्यासाठी पुरेशी लांब धावपट्टी लागते. महाराष्ट्रात अनेक परिवहन कार्यालयांकडे तशी जागा नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेत या उणिवेची गंभीर दखल घेतल्यावर २५० मीटर लांबीच्या चाचणीपथांचा विषय राज्यात ऐरणीवर आला.

स्वयंचलित चाचणी केंद्रांविषयीचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झाले. तेथे वाहनाची चाके फिरत्या रुळांवर (रोलर) फिरवून प्रत्येक चाकाचे ब्रेकबल मोजले जाते, तसेच चाकांचे बाजूला सरकणे, दिव्यांचा झोत, आवाज व धूर यांची यंत्रांद्वारे नोंद होते. अवजड वाहनांसाठी ही चाचणी प्रथम १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची व्हावयाची होती. केंद्रे पुरेशी नसल्याने ती तारीख पुढे ढकलावी लागली. महाराष्ट्रात नाशिक येथे केंद्र शासनाच्या योजनेतून असे केंद्र त्याआधीच उभे राहिले होते.

मुदतीनंतर होणाऱ्या विलंबाबद्दल दररोज ५० रुपये अतिरिक्त शुल्क २०१६ च्या दुरुस्तीने आले. रिक्षा-टॅक्सी संघटनांच्या विरोधानंतर महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये त्याच्या वसुलीस स्थगिती दिली. पंधरा वर्षांवरील ट्रक-बसचे नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये झाले. दर त्यानंतरही बदलले आहेत.

वयोमर्यादा ही योग्यतेपासून वेगळी बाब असून ती कलम ५९ खाली ठरते, हे येथे नोंदविणे इष्ट, कारण दोहोंची गल्लत वारंवार होते. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाल्या, मग त्यांपैकी एखादी कितीही सुस्थितीत असो.

खाजगी मोटारी व दुचाकींना कलम ५६ लागू नाही. त्यांची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणीअंती पाच-पाच वर्षांसाठी वाढविली जाते. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र (पीयूसी) मात्र सर्वच इंधनचलित वाहनांना स्वतंत्रपणे घ्यावे लागते.