नौकेवरील जनित्राचे भार-व्यवस्थापन

किनाऱ्यावरील वीज न मिळणाऱ्या नौकेवर, मर्यादित क्षमतेच्या जनित्रावर कोणती उपकरणे कोणत्या क्रमाने चालवायची, हे ठरविण्याची पद्धत.

जहाजावर विजेचे दिवे प्रथम केव्हा लागले याविषयी मतभेद आहेत. काही जण ‘सिटी ऑफ बर्लिन’ला (१८७९) अग्रमान देतात. एडिसनचे तापदीप्त दिवे बसविलेले ‘कोलंबिया’ (१८८०) हे या नोंदीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे मानावे लागेल. कारण अनेक दिवे एकाच पुरवठ्यावर आले की भार वाटून देण्याचा प्रश्न उभा राहतो.

खानदेशात तापीवरील साध्या होड्यांना जनित्र सहसा लागत नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील नर्मदेची गोष्ट वेगळी. सरदार सरोवराचे पाणी अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील दऱ्यांत शिरल्यापासून काही पाड्यांना बोटीशिवाय वाट नाही. तेथे तरंगत्या दवाखान्यांनीही आरोग्यसेवा दिली आहे. अशा नौकेवर लसींचा फ्रीज असेल, तर २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान टिकविणे हे भार-व्यवस्थापनाचे पहिले काम ठरते.

उपकरणांच्या वॅटची नुसती बेरीज फसवी असते. ५ केव्हीए (म्हणजे ५ हजार व्होल्ट-अँपिअर), ०·८ शक्तिगुणकाचे (एकूण क्षमतेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या भागाचे) जनित्र ४ किलोवॅट देते. २३० व्होल्टला ५ केव्हीए म्हणजे सुमारे २२ अँपिअर. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालू असताना साधारण ४ अँपिअर घेतो, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे क्षणभर जवळजवळ सगळी क्षमता. निर्जंतुकीकरणाचा हीटर आधीच चालू असला तर विद्युत् दाब (व्होल्टेज) पडतो, दिवे मंदावतात, मोटर उचलत नाही. म्हणून मोटर आधी, हीटर नंतर. फ्रीजचा कॉम्प्रेसरही मोटरच असल्याने तो पंपाबरोबर एकाच वेळी सुरू होऊ देऊ नये. भार वाढलाच तर हीटर व पंखे आधी तोडावेत; फ्रीज व दिशादर्शक दिवे सर्वांत शेवटी. मोठ्या जहाजांवर ही कपात रिले (भार वाढताच जोडणी तोडणारे स्विच) आपोआप करतात.

उलट, डिझेल इंजिन तासन्‌तास ३० टक्क्यांखालील भारावर चालविल्यास अर्धवट जळालेले इंधन व काजळी निष्कास मार्गात साचते. दोन-चार दिव्यांसाठी जनित्र घुमवत ठेवण्यापेक्षा बॅटरी बरी.

खानदेशात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा जनित्राच्या पाटीवरील क्षमता पूर्ण मिळेलच असे नाही. निर्मात्याच्या तक्त्यानुसार ती घटवून धरावी. त्याच दिवसांत फ्रीजही अधिक वेळ चालतो, त्यामुळे भाराचा हिशोब उन्हाळ्याचाच करावा.