फाटकावरचे गणित: खुल्या रंगमंचाचा वाहनतळ रिकामा कसा होतो

खुल्या मैदानावरचा मोठा संगीताचा कार्यक्रम संपला की वाहनतळावर खोळंबा होतो, आणि वाहनतळ लहान आहे हे त्याचे कारण बहुतेक जण सांगतात. वर्तमानपत्रांतील वाचकांच्या पत्रांतही जागा वाढवा अशीच मागणी असते. या समजुतीत एक मूलभूत चूक आहे. वाहनतळाच्या आकारावरून किती गाड्या उभ्या राहतील एवढेच ठरते. त्या किती वेळात बाहेर पडतील, हे फाटकावर अवलंबून असते. फाटक तेच ठेवून आत दुप्पट गाड्या उभ्या केल्या, तर प्रत्येक गाडीचे सरासरी थांबणे दुपटीहूनही अधिक वाढते. हे असे का होते, आणि कार्यक्रमानंतर चालू ठेवलेल्या चहाच्या टपरीचा वाहतुकीशी काय संबंध आहे, हे या लेखात पाहू.

उदाहरणासाठी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातले ‘वुल्फ ट्रॅप’ घेऊ. वॉशिंग्टन शहराच्या पश्चिमेला, व्हिएन्ना नावाच्या गावाजवळ असलेले हे राष्ट्रीय उद्यान संपूर्णपणे सादरीकरणाच्या कलांसाठी राखलेले आहे. कॅथरीन फाइलीन शाऊस यांनी आपल्या शेताची जमीन देशाला दिली, १९६६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने उद्यानाचा कायदा केला आणि १९७१ मध्ये तेथील ‘फाइलीन सेंटर’ या रंगमंचावर पहिला हंगाम झाला. येथे सुमारे सात हजार प्रेक्षक बसतात. त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक छपराखाली आणि उरलेले मागच्या उतरत्या हिरवळीवर. हिरवळीवरची मंडळी चादरी आणि खाण्याचे डबे घेऊन येतात आणि चांगली जागा मिळावी म्हणून बरीच आधी पोहोचतात. ही सवय नियोजनाच्या दृष्टीने फार मोलाची आहे, कारण तिच्यामुळे येणाऱ्या गाड्या दोन-अडीच तासांत आपोआप विखुरल्या जातात. जाताना मात्र तसे घडत नाही. शेवटची टाळी सगळ्यांसाठी एकाच क्षणी वाजते.

आता हिशेब मांडू. पुढील आकडे वुल्फ ट्रॅपवर मोजलेले नाहीत. त्या आकाराच्या कोणत्याही उद्यानासाठी धरून चाललेले आहेत. एका गाडीत सरासरी अडीच माणसे धरली, तर सात हजार प्रेक्षकांच्या २,८०० गाड्या होतात. रांगेतल्या गाड्या एकामागून एक सुटू लागल्या की दोन गाड्यांमध्ये साधारण दोन सेकंदांचे अंतर पडते. हे अंतर रस्त्याच्या रुंदीपेक्षा चालकाच्या प्रतिक्रियेच्या वेळेवर आणि पुढच्या गाडीपासून सुरक्षित राहण्याच्या त्याच्या सहज वृत्तीवर अवलंबून असते, म्हणून ते फारसे कमी करता येत नाही. दोन सेकंदाला एक गाडी म्हणजे एका मार्गिकेतून मिनिटाला ३०. बाहेरचा रस्ता पूर्ण मोकळा आहे असे मानले, तरी एकाच मार्गिकेतून २,८०० गाड्या निघायला सुमारे ९३ मिनिटे लागतील.

वाहतुकीचे अभ्यासक या प्रश्नासाठी एक आलेख वापरतात, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडतो तो हा आलेख. आडव्या अक्षावर घड्याळातली वेळ घ्या आणि उभ्या अक्षावर गाड्यांची एकूण संख्या. त्यावर दोन रेषा काढायच्या. पहिली रेषा सांगते की अमुक वेळेपर्यंत किती गाड्या निघायला तयार झाल्या. दुसरी सांगते की त्याच वेळेपर्यंत किती गाड्या फाटकाबाहेर पडल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गॉर्डन न्यूएल यांनी या पद्धतीचा पुष्कळ विस्तार केला. तिची खुबी अशी की एकाच चित्रातून तीन उत्तरे मिळतात. कोणत्याही क्षणी दोन रेषांमधले उभे अंतर मोजले, तर त्या क्षणी रांगेत किती गाड्या आहेत ते कळते. आडवे अंतर मोजले, तर एका विशिष्ट गाडीला किती वेळ थांबावे लागले ते कळते. आणि दोन रेषांनी वेढलेले क्षेत्रफळ म्हणजे सर्व गाड्यांनी मिळून वाया घालवलेला एकूण वेळ.

कार्यक्रम साडेदहाला संपला असे समजा. पहिला प्रेक्षक दहा मिनिटांत गाडीत बसतो, शेवटचा अर्ध्या तासात. म्हणजे १०.४० ते ११.०० या वीस मिनिटांत २,८०० गाड्या तयार होतात, मिनिटाला १४०. पहिली रेषा अशी ताठ वर चढते. एकच मार्गिका असेल, तर दुसरी रेषा मिनिटाला ३० या वेगाने सावकाश चढते. अकरा वाजता सर्व २,८०० गाड्या तयार आहेत, त्यांपैकी ६०० बाहेर पडल्या आहेत आणि २,२०० रांगेत उभ्या आहेत. शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर सुमारे तेरा मिनिटांनी बाहेर पडते. सरासरी गाडी १०.५० ला तयार होते आणि बाहेर पडण्याची सरासरी वेळ ११.२७ च्या आसपास येते, म्हणून सरासरी थांबणे जवळजवळ ३७ मिनिटांचे. सर्व गाड्यांचे मिळून हे १,७०० तासांहून अधिक होतात. उभी असलेली पण चालू ठेवलेली छोटी पेट्रोल गाडी तासाला सुमारे ०.६ लिटर इंधन जाळते असे धरले, तर एका संध्याकाळी हजार लिटर पेट्रोल जागच्या जागी जळते.

दुसरी मार्गिका जोडली, तर दुसऱ्या रेषेचा चढ दुप्पट होतो, शेवटची गाडी ११.२७ ला निघते आणि सरासरी थांबणे १३ मिनिटांवर येते. येथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे: मार्गिका दुप्पट झाल्या, पण थांबणे निम्मे न होता जवळजवळ एक तृतीयांश झाले. याचे कारण असे की थांबण्याचा वेळ म्हणजे दोन सरासऱ्यांमधला फरक आहे; बाहेर पडण्याची सरासरी निम्म्यावर येते, पण तयार होण्याची सरासरी तीच राहते आणि ती दोन्ही वेळा वजा होते. तिसऱ्या मार्गिकेने थांबणे साडेपाच मिनिटांच्या आसपास येईल. फाटक जितके तयारीच्या वेगाच्या जवळ जाते, तितकी दोन रेषांमधली फट वेगाने मिटते.

मार्गिका वाढवायला मात्र जमीन, पैसा आणि बाहेरच्या रस्त्याची तयारी लागते. वुल्फ ट्रॅपसाठी जवळच्या डलस टोल रस्त्यावर (महामार्गावर) केवळ कार्यक्रमांसाठी राखलेला स्वतंत्र जोडरस्ता (रॅम्प) आहे. प्रत्येक उद्यानाला अशी सोय मिळत नाही. म्हणून दुसऱ्या रेषेऐवजी पहिल्या रेषेला हात घालून पाहू. कार्यक्रमानंतर खाण्याची दुकाने चालू ठेवली, चांगला प्रकाश ठेवला, बसायला बाक दिले, एखादा वादक हळू आवाजात अर्धा तास वाजवत राहिला, आणि त्यामुळे लोक गाड्यांकडे वीसऐवजी चाळीस मिनिटांत विखरून गेले, असे समजा. मार्गिका दोनच. आता गाड्या मिनिटाला ७० तयार होतात आणि ६० बाहेर पडतात. सर्वांत लांब रांग १,६०० वरून ४०० वर येते आणि सरासरी थांबणे १३ मिनिटांवरून सव्वातीन मिनिटांवर.

शेवटची गाडी मात्र याही वेळी ११.२७ लाच निघते. फाटकाने पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत पूर्ण क्षमतेने काम केले आहे, त्यामुळे सर्वांत उशिरा घरी जाणाऱ्याचे काहीही नुकसान झाले नाही. पूर्वी तो २७ मिनिटे चालकाच्या आसनावर बसून धूर हुंगत होता. आता त्यातली वीस मिनिटे तो बाकावर चहा पीत बसतो. म्हणूनच वाहनतळ आणि प्रेक्षकांच्या सोयी ही दोन वेगळी खाती मानणे मला चुकीचे वाटते. चहाची टपरी हे वाहतूक नियंत्रणाचे साधन आहे आणि तिचा खर्च रस्त्याच्या खर्चाशी तुलना करून पाहायला हवा.

आपल्याकडे हा विखुरण्याचा गुण परंपरेतच होता. कोकणात आणि गोव्यात जत्रेतला दशावतार रात्रभर चालतो. ज्याला झोप येते तो उठून जातो. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवही पूर्वी रात्रभर चालत असे आणि श्रोते आपल्या आवडीचा कलाकार ऐकून टप्प्याटप्प्याने निघत. ध्वनिक्षेपकांवर रात्री दहानंतर बंधने आली आणि ती आजूबाजूच्या रहिवाशांसाठी योग्यच आहेत, परंतु सर्वांसाठी एकच समाप्तीची वेळ आली की पहिली रेषा ताठ होते.

याच ठिकाणी दोन आकर्षणांपासून सावध राहायला हवे. पहिले आकर्षण कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या ‘स्मार्ट पार्किंग’चे. प्रत्येक जागेवर संवेदक बसवून मोबाइलवर रिकामी जागा दाखवणारी यंत्रणा येणाऱ्याला उपयोगी पडते, पण निघताना फाटकातून दोन सेकंदांना एकच गाडी जाते आणि कोणतेही ॲप ते दोन सेकंद कमी करत नाही. दुसरे आकर्षण वास्तुशास्त्राचे. दक्षिणेकडचे फाटक अशुभ म्हणून ते बंदच ठेवायचे, असे ठरवणाऱ्याने मार्गिका दोनवरून एकावर आणली असेल, तर त्याने सरासरी थांबणे १३ मिनिटांवरून ३७ मिनिटांवर नेले आहे. फाटकाची जागा बाहेरच्या रस्त्याच्या क्षमतेवरून ठरते. दिशेला त्यात काही स्थान नाही.

आतापर्यंत आपण मार्गिकेतून गाड्या विनाअडथळा निघतात असे मानले. प्रत्यक्षात त्याच मार्गिका ओलांडून सात हजार माणसे चालत जात असतात. साडेतीन मीटरची मार्गिका ओलांडायला सामान्य चालीने सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे एक पादचारी दीड गाडीइतका वेळ व्यापतो. लोक सुटेसुटे ओलांडत राहिले, तर फाटक जवळजवळ बंद पडते. त्यांना थांबवून दर मिनिटाला वीस सेकंद एकगठ्ठा सोडले, तर गाड्यांसाठी चाळीस सेकंद उरतात आणि मार्गिकेची क्षमता ३० वरून २० वर येते. चोख व्यवस्थापन करूनही एक तृतीयांश गमावण्यापेक्षा आराखडा करतानाच चालणाऱ्यांची वाट आणि गाड्यांची वाट एकमेकींना छेदणार नाहीत असे पाहणे केव्हाही स्वस्त पडते.

बसचे गणित याहून सोपे आहे. पन्नास जणांची बस वीस गाड्यांचे काम करते आणि फाटकात जेमतेम दोन-तीन गाड्यांचा वेळ घेते. लॉस एंजेलिसच्या ‘हॉलिवूड बोल’ या सुमारे साडेसतरा हजार आसनांच्या खुल्या रंगमंचावर जागा इतकी अपुरी आहे की तेथे गाड्या एकमेकींना चिकटून ओळीत लावतात. पुढची हलल्याशिवाय मागची निघू शकत नाही. त्यामुळेच दूरच्या वाहनतळांवरून बस सोडण्याची व्यवस्था तेथे महत्त्वाची ठरली आहे. वुल्फ ट्रॅपसाठीही मेट्रो स्थानकापासून कार्यक्रमाच्या संध्याकाळी बस सोडण्याची प्रथा आहे.

स्वच्छतागृहांना हेच दोन रेषांचे चित्र लागू पडते, फक्त फाटकाच्या जागी दरवाजे येतात आणि वीस मिनिटांचे मध्यंतर संपायच्या आत दोन्ही रेषा मिळाव्या लागतात. प्रेक्षकांत निम्म्या स्त्रिया आणि त्यांतल्या चाळीस टक्के मध्यंतरात जाणार असे धरले, तर १,४०० जणी होतात. प्रत्येकीला दीड मिनिट लागले, तर एका कक्षातून वीस मिनिटांत तेराच जणी जाऊ शकतात, म्हणजे शंभराहून अधिक कक्ष हवेत. पुरुषांना सरासरी एक मिनिट धरले, तर सत्तर पुरतात. आराखड्यात मात्र दोन्ही बाजूंना सारखे चौरस मीटर दिले जातात आणि मुताऱ्यांना कमी जागा लागत असल्यामुळे त्या सारख्या जागेत पुरुषांची सोय अधिक बसते. स्त्रियांची रांग बाहेर अंगणापर्यंत येते ती या वाटपामुळे, आणि ज्या स्त्रिया उत्तरार्धाची पहिली दहा मिनिटे रांगेत घालवतात त्यांनी तिकिटाचे पैसे पूर्ण दिलेले असतात.

शेवटी जमीन. वळणाच्या जागेसह एका गाडीला सुमारे ३० चौरस मीटर लागतात, त्यामुळे २,८०० गाड्यांना साडेआठ हेक्टरांच्या आसपास जागा हवी. तेवढ्या जागेवर डांबर घातले आणि २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर एकवीस लाख लिटर पाणी उन्हाने तापलेल्या, तेलाचे ओघळ असलेल्या पृष्ठभागावरून एकदम वाहून जाते. वुल्फ ट्रॅपमधून त्याच नावाचा ओढा वाहतो आणि त्याचे पाणी पुढे पोटोमॅक नदीला मिळते. गवतावर गाड्या लावल्या तर पाणी मुरते, पण चाकांच्या भाराने मातीतली पोकळी दाबली जाते आणि काही हंगामांनंतर तेच गवताळ मैदान डांबरासारखे वागू लागते, विशेषतः ओल्या मातीवर गाड्या लावल्या तर. म्हणून रोज भरणाऱ्या जागेवर पक्का थर द्यावा, वर्षातून मोजक्या वेळी लागणारी जागा गवताची ठेवावी आणि आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल, तर तो भाग त्या दिवशी बंद करून तितक्या लोकांना बसने आणावे.