जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरमधील कुजलेल्या लाकडाची दुरुस्ती

मोटारीमागे जोडून ओढायच्या आणि आत राहण्याची सोय असलेल्या जुन्या अमेरिकी ट्रेलरच्या लाकडी सांगाड्यातला कुजका भाग काढून तो नव्याने घडवण्याचे काम. १९५० आणि १९६० च्या दशकांत बनलेले, बाजूने गोलसर दिसणारे आणि 'कॅन्ड हॅम' (हॅमचा, म्हणजे डुकराच्या मांसाचा डबा) या नावाने ओळखले जाणारे ट्रेलर या कामाचा मुख्य विषय आहेत. शास्ता आणि सेरो स्कॉटी ही त्यांतली परिचित नावे. यांच्या भिंती म्हणजे साधारण पाऊण इंच × दीड इंच (१९ × ३८ मिमी) मापाच्या पट्ट्यांची चौकट, तिच्या आतल्या अंगाला ३ मिमी जाडीचे, बर्च या झाडाच्या लाकडाचे प्लायवुड, बाहेरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मधल्या पोकळीत काचलोकरीचा थर.

कारखान्यात हे ट्रेलर आतून बाहेर बांधले जात. पोलादी चासीवर जमीन बसे, तिच्यावर आतला प्लाय लावलेल्या बाजूच्या चौकटी उभ्या राहत, मग कपाटे आणि बाके येत. कपाटांचे बरेचसे स्क्रू भिंतीच्या बाहेरच्या बाजूने मारलेले असत. त्यानंतर छत, तारा आणि सर्वांत शेवटी पत्रा. दुरुस्तीचा सगळा क्रम या एका गोष्टीवर ठरतो. लाकडापर्यंत नीट पोहोचायचे तर पत्रा उतरवून बाहेरून जावे लागते. आतला प्लाय कापून तेवढ्यापुरता तुकडा ठोकला, तर पत्र्याला चिकटलेला कुजका भाग तसाच राहतो आणि पाणी येण्याची वाटही बुजत नाही.

कूज कशी होते : लाकूड खाणाऱ्या बुरशीला वाढीसाठी लाकडात साधारण २८–३० टक्के ओलावा लागतो, तो २० टक्क्यांखाली ठेवला तर तिची वाढ थांबते. मात्र वाळलेल्या लाकडात ती सुप्त राहू शकते आणि पुन्हा ओल मिळाली की जागी होते. या ट्रेलरमध्ये बहुधा तपकिरी कूज आढळते. तिच्यात लाकडातील सेल्युलोज नष्ट होते, उरलेला भाग गडद तपकिरी होऊन चौकोनी भेगांनी फुटतो आणि बोटांत चुरगळतो.

पाणी शिरण्याची मुख्य जागा म्हणजे छत आणि बाजूची भिंत जिथे मिळतात त्या वळणावरची ॲल्युमिनियमची पागोळी-पट्टी. तिचा प्रत्येक स्क्रू पत्र्यातून थेट लाकडात जातो. पट्टीखालची पुट्टी काही दशकांत सुकून तडकते, पोलादी स्क्रू गंजतो आणि त्याच्या कडेने पाणी आत झिरपते. खिडक्यांच्या चौकटी, छतावरचा झरोका आणि कोपऱ्यांवरचे दिवे या बाकीच्या जागा. आत शिरलेले पाणी पट्ट्यांवरून खाली उतरत जाऊन तळाच्या आडव्या पट्टीवर साचते. त्यामुळे पुढचे-मागचे खालचे कोपरे आधी कुजतात आणि गळती मात्र हातभर वर असते. कुजलेला कोपरा बदलून वरची पट्टी तशीच ठेवणे ही या कामातली सर्वांत महाग पडणारी चूक होय.

तपासणी : बर्चवरचे काळे डाग, फुगलेले पापुद्रे, पायाखाली दबणारी जमीन आणि लहरी पडलेला पत्रा ही वरून दिसणारी लक्षणे. अरी टोचून पाहावी. निरोगी लाकूड तिला अडवते, कुजक्यात ती सहज रुतते. पागोळी-पट्टीतील व्हिनाइलची झाकणपट्टी ओढून खालच्या टोकाचे चार-पाच स्क्रू काढणे हीही खात्रीची परीक्षा आहे. स्क्रू जागच्या जागी फिरत राहिला, किंवा मधे झिजून, तपकिरी भुकटी घेऊन बाहेर आला, तर तिथले लाकूड गेलेले असते. बाहेरून दिसते त्याहून कूज नेहमीच जास्त निघते, म्हणून लाकूड आणि वेळ यांचा अंदाज पत्रा उतरवल्यावरच बांधावा.

उतरवणे : ट्रेलर छपराखाली घ्यावा, चासी समपातळीत आणून तिच्या दोन्ही पोलादी तुळयांखाली पक्के स्टँड लावावेत. पत्रा निघाला की सांगाडा लेचापेचा होतो, कारण त्याचा बराचसा ताठपणा पत्र्यामुळेच असतो. म्हणून आधीच आतून एका भिंतीपासून दुसरीपर्यंत आडवे आणि तिरके टेकू मारावेत. दाराच्या चौकटीला कर्णावर पट्टी ठोकावी. दार एकदा तिरपे झाले की ते पुन्हा गुण्यात आणणे फार कठीण जाते. प्रत्येक भागाला क्रमांक द्यावा, छायाचित्रे घ्यावीत. जुन्या रंगात शिसे, तर जमिनीच्या जुन्या फरश्यांत किंवा त्यांच्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतो. चाचणी केल्याशिवाय ते कोरडे घासू नयेत.

आधी पागोळी-पट्ट्या, मग दिवे, खिडक्या, दार आणि झरोका, त्यानंतर पुढचा, मागचा आणि छताचा पत्रा, शेवटी बाजूचे पत्रे असा क्रम सहसा असतो. पट्टी निघत नसेल तर हलकी ऊब देऊन पुट्टी मऊ करावी आणि पातळ पात्याने थोडी थोडी उचलावी. पत्र्याला पडलेली घडी पूर्णपणे जात नाही, म्हणून दोघांनी मिळून तो सपाट ठेवावा किंवा सैल गुंडाळावा.

नवे लाकूड : एका वेळी एकच बाजू, आणि त्या बाजूतली एकच पट्टी बदलत जावे, जुने लाकूडच आकाराचे माप असते. काढण्यापूर्वी वळणाच्या पट्टीची रूपरेषा जाड पुठ्ठ्यावर उतरवून घ्यावी. जुनी पट्टी भुगा झाली असेल तर बाजूच्या पत्र्याच्या कडेवरून किंवा समोरच्या भिंतीवरून आकार घ्यावा, पण समोरची भिंतही खचलेली नाही ना हे आधी पाहावे. वळणाचे तुकडे १९ मिमी प्लायमधून किंवा रुंद फळीतून कापतात. कारखान्यात बरेच सांधे केवळ स्टेपलवर होते. आता जलरोधक गोंद आणि तिरक्या भोकातले स्क्रू वापरणे चांगले.

पट्टी स्वस्त असते, म्हणून अर्धी वाचवण्यापेक्षा पूर्ण बदलावी. कपाटामागे अडकलेली लांब पट्टी मात्र जोडावी लागते. तेव्हा दिसणाऱ्या कुजेपुढे निदान ३० सेंमी निरोगी लाकूड कापून टाकावे आणि १ः८ उताराचा तिरका सांधा करावा, म्हणजे १९ मिमी जाडीसाठी सुमारे १५ सेंमी लांबीचा. पातळ इपॉक्सी मुरवून कुजके लाकूड 'घट्ट' करण्याची पद्धत खिडकीच्या कडेवरच्या लहान भागापुरती ठीक आहे. भार घेणाऱ्या आणि स्क्रू धरणाऱ्या पट्टीत ती वापरू नये.

लाकूड भट्टीत वाळवलेले, सरळ रेषांचे, बिनगाठीचे हवे. फर किंवा पॉपलर चालते. तांबेयुक्त रसायनांनी दाबप्रक्रिया केलेले लाकूड टिकाऊ म्हणून निवडण्याचा मोह होतो, पण ओल येताच ते ॲल्युमिनियम आणि साधे पोलाद दोन्ही खाते. संरक्षण हवे तर बोरेटचे (बुरशी मारणाऱ्या बोरॉन-क्षाराचे) द्रावण फासून लाकूड पूर्ण वाळू द्यावे. बोरेट पाण्याबरोबर वाहून जाते, त्यामुळे ते गळतीवरचा उपाय नव्हे. जमिनीचे प्लायवुड बदलताना सर्व कापीव कडांना इपॉक्सीचे दोन हात द्यावेत, आणि चासी उघडी आहे तोवर तिचा गंजही काढून घ्यावा. जमिनीचे दोन्ही कर्ण सारखे भरेपर्यंत भिंती उभ्या करू नयेत.

बर्चचा ताव शाबूत पण डागाळलेला असेल तर ऑक्झॅलिक आम्लाने लोखंडाचे काळे डाग बरेच फिकट होतात. त्यावर अंबर शेलॅक (लाखेचे पिवळसर रोगण) लावले की जुना मधाळ रंग जुळतो.

पत्रा आणि जोडबंद : भिंती उघड्या असताना तारा बदलाव्यात. जुनी लोकर ओली असेल तर टाकून फोमच्या कडक पट्ट्या बसवाव्यात. पागोळी-पट्टी आणि खिडक्यांखाली सुमारे १९ मिमी रुंद, ३ मिमी जाड ब्युटाइल पट्टी (सांधा बुजवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी) आणि स्टेनलेसचे ८ क्रमांकाचे स्क्रू घ्यावेत. सुरुवात वरच्या मध्यापासून करून दोन्ही बाजूंनी खाली यावे. स्क्रू एकदम आवळले तर सगळे ब्युटाइल बाहेर येऊन सांधा कोरडा पडतो. बेताने आवळावेत, एक-दोन दिवसांनी पुन्हा फिरवावेत आणि मगच बाहेर आलेली कड कापावी. सिलिकोन टाळावे; त्याची कड सुटली की पाणी आत कोंडते, रंग त्यावर बसत नाही आणि त्याचा अंश राहिला तर दुसरे सीलंटही धरत नाही.

शेवटी पाण्याची परीक्षा करतात. कमी दाबाच्या नळीने तळापासून वर जावे, प्रत्येक पातळीवर दहा मिनिटे थांबावे आणि आत एकाने बॅटरी घेऊन पाहत राहावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि गळती कुठली ते कळत नाही.

जाड लाकूड वापरण्याची हौस वजनावर येते. दुरुस्तीनंतर ट्रेलर तोलून ॲक्सलची मर्यादा पाहावी. मोटारीला जोडण्याच्या जागेवर पडणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत असावा.

एअरस्ट्रीम या ॲल्युमिनियमच्या कवचाच्या अमेरिकी ट्रेलरची गोष्ट निराळी आहे. त्याचे कवच ॲल्युमिनियमच्या बरगड्यांवर रिव्हेटने बांधलेले असते. कुजते ते जमिनीचे प्लायवुड, विशेषतः मागच्या बंपरजवळ. हे प्लायवुड कवचाच्या तळपट्टीखाली दाबलेले असल्यामुळे ते कुजले की बोल्टची पकड जाते आणि कवचाचा मागचा भाग चासीपासून सुटू लागतो. थोडी जमीन गेली असेल तर तुकड्यांनी बदलता येते. कडेने सर्वत्र कूज असेल तर पूर्ण कवच उचलून घ्यावे लागते.