शाळा बुडवणं वेगळं, शाळेला जाताच न येणं वेगळं

आमच्या कोल्हापुरात पोरगं शाळेला जात नाही म्हटलं की सल्ला ठरलेला, लाडावलंय, दोन ठेवून द्या म्हणजे जातंय बघा. शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड लावला, त्या गावात शाळा चुकणं लोकांना सहन होत नाही आणि मला त्याचा अभिमानच आहे. पण तो दंड न पाठवणाऱ्या आईबापाला होता, पाय उचलतच नाही अशा पोराला नव्हता, आणि ऑटिझम (स्वमग्नता, म्हणजे मेंदूची घडणच वेगळी, त्यामुळं आवाज, बदल, माणसांचं वागणं जड जातं) असलेल्या पोराचं बऱ्याचदा असंच होतं.

शाळा बुडवणारं पोरगं सहसा लपवतं. घरातून दप्तर घेऊन निघतं आणि रंकाळ्यावर नाहीतर मित्राकडं सापडतं, शाळेची भीती अशी काही नसते, कंटाळा असतो किंवा बाहेर जास्त मजा असते. तिथं थोडी शिस्त, थोडं लक्ष आणि कोणाबरोबर फिरतंय याची चौकशी, एवढ्यानं बऱ्याचदा भागतं.

ऑटिझम असलेलं पोरगं शाळेला नाही म्हणतं तेव्हा ते घरातच असतं, सगळ्यांच्या डोळ्यासमोर. रविवारी संध्याकाळपासून चिडचिड, सकाळी पोटात दुखतंय, उलटी, युनिफॉर्म घालताना किंचाळणं, आणि दिवाळीची सुट्टी लागली की सगळं गायब, म्हणून लोक म्हणतात नाटक करतंय. ते दुखणं खरं असतं, भीतीनं पोटात खरंच कळ येते. तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच, कारण बद्धकोष्ठता, दाढदुखी, अपुरी झोप हे या मुलांना नीट सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज इथं होतो, की बाई म्हणतात शाळेत तर एकदम गुणी असतो, काहीच प्रॉब्लेम नाही. बरीच मुलं शाळेत दिवसभर स्वतःला दाबून धरतात, घंटा, साठ पोरांचा कालवा, खिचडीचा वास, मधल्या सुट्टीत कोण का हसलं ते न कळणं, सगळं गिळतात आणि घरी आल्यावर दप्तर फेकून तासभर रडतात. मग आईलाच ऐकावं लागतं की तुमच्या घरीच काहीतरी बिघडलंय, हे मला फार लागतं.

बक्षीस किंवा धाक बुडवणाऱ्यावर चालतो, इथं उलटा पडतो, कारण पोराला जायचं असलं तरी जमत नसतं. जमत नाही ते नेमकं काय, ते शोधायचं. शाळा का नको असं विचारून उत्तर येत नाही, त्यापेक्षा दिवसाची चित्रं काढा, रिक्षा, गेट, प्रार्थना, वर्ग, डबा, टॉयलेट, आणि कुठल्या चित्राला लाल रंग द्यायचा ते त्यालाच ठरवू द्या. कधी निघतं की रिक्षामामा बदललेत, कधी गॅदरिंगची प्रॅक्टिस सुरू झाल्यापासून टाइमटेबलचा पत्ता नाही आणि स्पीकर कानात घुसतोय, आणि कधी कोणीतरी चिडवतंय, ते निघालं तर तो विषय आधी संपवायचा, बाकी सगळं नंतर.

फार दिवस घरी राहिलं की परत जाणं अजून अवघड होतं हेही खरंय, त्यामुळं धागा तोडू नका. आठवडाभर फक्त गेटपर्यंत जाऊन या, मग प्रार्थना झाल्यावर एक तास, ओळखीच्या एकाच बाई, कानावर हेडफोन, आणि नको झालं की बसायला एक शांत कोपरा. हे शाळेनं उपकार म्हणून करायचं नाहीये, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे आणि सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या शाळेनं मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची असं त्यात लिहिलंय. म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज लेखी द्या, काय सोय हवीय ते एकेक करून लिहा, आणि पोच घेऊनच ऑफिसातून बाहेर पडा.