देहतापनियमन

बाहेरची हवा तापलेली असो वा गारठलेली, मेंदू, हृदय, यकृत अशा खोल अवयवांचे म्हणजेच शरीराच्या गाभ्याचे तापमान अरुंद मर्यादेत राखणाऱ्या क्रियांना मिळून देहतापनियमन म्हणतात. निरोगी प्रौढात गाभ्याचे तापमान साधारणतः ३६.५° ते ३७.५° से. असते. ते पहाटे सर्वांत कमी व सायंकाळी सर्वांत जास्त भरते. त्वचेचे तापमान मात्र परिसरानुसार बरेच बदलते. ग्वाल्हेरला जानेवारीतील काही रात्री ५° से.च्या खाली जातात आणि मे-जूनमधील काही दुपारी ४५° से.च्या वर, या चाळीस अंशांच्या फरकात गाभ्याला एखाद्या अंशाचीच मोकळीक असते.

३७° से. हा ‘सामान्य’ आकडा कार्ल वुंडरलिख या जर्मन वैद्याने रूढ केला. सुमारे २५,००० रुग्णांच्या काखेतील नोंदींवर आधारलेला त्याचा ग्रंथ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निरोगी प्रौढांची तोंडातील सरासरी ३६.८° से. निघाली. वुंडरलिखच्या वापरातील मानला जाणारा एक तापमापक पुढे तपासला असता तो आजच्या मानाने एक अंशाहून जास्त तापमान दाखवतो असे आढळले, त्यामुळे जुना आकडा उपकरणदोषातून आला असे काहींनी मानले. २०२० मधील एका अभ्यासात अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांपासूनच्या नोंदी जुळवून पाहिल्या, तेव्हा जन्माच्या दर दशकामागे सरासरी सु. ०.०३° से. घट दिसली. अशी घट एकाच काळातील नोंदसंचांच्या आतही दिसते. म्हणून सगळा दोष तापमापकाच्या माथी मारता येत नाही. दीर्घकाळ रेंगाळणारे संसर्ग कमी झाल्याने देहताप उतरला असावा, हे मत त्यातल्या त्यात ग्राह्य वाटते.

नियमनाचे मुख्य केंद्र मेंदूतील हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात आहे. तेथे रक्ताचे तापमान थेट जाणवते आणि त्वचेतील उष्ण-शीत संवेदकांचे संदेशही पोहोचतात. या संवेदकांच्या रेणवीय शोधासाठी डेव्हिड ज्यूलिअस यांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आर्डेम पाटापुटियन यांच्यासह विभागून मिळाले. केंद्र नेमके कसे चालते यावर मतभेद आहेत. पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांत मेंदू एक ठरीव तापमान धरून त्याच्याशी प्रत्यक्ष तापमान ताडून पाहतो असे सांगितलेले असते. अलीकडचे काही संशोधक असा मध्यवर्ती मापदंड मानत नाहीत. घाम, हुडहुडी, त्वचेतील रक्तप्रवाह यांची मंडले बरीचशी स्वतंत्र असून प्रत्येकाचा सुरू होण्याचा उंबरठा वेगळा असतो, असे ते म्हणतात. प्रायोगिक पुरावा या दुसऱ्या मताकडे अधिक झुकतो. तरी ज्वराचे स्पष्टीकरण पहिल्या मांडणीत सोपे होते : प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या द्रव्यामुळे राखावयाची पातळी वर सरकते, म्हणून ताप चढताना अंग तापलेले असूनही थंडी वाजते.

उष्णता शरीराबाहेर जाण्याचे मार्ग चार : वहन (स्पर्शातून), अभिसरण (हवेच्या हालचालीतून), प्रारण (किरणांच्या रूपाने) व बाष्पीभवन. परिसर त्वचेपेक्षा (सु. ३५° से.) गरम झाला की पहिले तीन मार्ग उलटे वाहू लागतात आणि केवळ घामाचे बाष्पीभवन उरते. एक लिटर घाम पूर्ण वाळताना सु. २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. स्वस्थ बसलेल्या प्रौढाचे शरीर तासाला साधारण ३५० किलोज्यूल निर्माण करते. तेवढी घालवायला १५० मिलि. घाम पुरे. पण तो वाळला पाहिजे, नुसता ओघळून उपयोग नाही. चार्ल्स ब्लॅगडेन व त्याचे सहकारी १७७४ मध्ये लंडनला उकळत्या पाण्याहून अधिक तापवलेल्या खोलीत काही मिनिटे सुखरूप राहिले, ते तेथील हवा कोरडी होती म्हणूनच.

ग्वाल्हेरचा उन्हाळा समजून घ्यायचा तर हाच मुद्दा कळीचा आहे. उदाहरणादाखल, मे महिन्यात ४४° से. तापमान व १५ टक्के आर्द्रता असता ओल्या फुग्याचे तापमान (ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचे, म्हणजे बाष्पीभवनाने गाठता येणारे सर्वांत कमी तापमान) सु. २३° से. येते, जुलैत ३५° से. व ७५ टक्के आर्द्रता असता ते ३१° से.च्या आसपास जाते. हवेच्या तापमानाचा आकडा नऊ अंशांनी उतरला तरी शरीराचा भार वाढलेला असतो. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर मे महिन्यात गारवा देतात व पावसाळ्यात निरुपयोगी ठरतात, तशीच घामाची गत होते. ओल्या फुग्याचे ३५° से. ही मानवी सहनशीलतेची सैद्धांतिक मर्यादा २०१० मध्ये मांडली गेली. २०२२ मधील प्रत्यक्ष प्रयोगांत मात्र निरोगी तरुणांचाही गाभा दमट हवेत ३०°–३१° से.लाच तापू लागला. प्रयोगातली मर्यादाच व्यवहारात धरावी.

लू म्हणजे उन्हाळ्यातील उष्ण, कोरड्या वाऱ्याचा धोका वेगळा. घाम तत्काळ वाळत असल्याने पाणी किती गेले हे कळत नाही, आणि कष्टाच्या कामात ते तासाला लिटरभर किंवा अधिक जाऊ शकते. कैरीच्या पन्ह्यातील पाणी, मीठ व गूळ ही तूट काही अंशी भरून काढतात; खिशात कांदा बाळगण्याला मात्र शरीरक्रियाविज्ञानात आधार सापडत नाही. लूच्या भर दुपारी कोरड्या अंगावर पंख्याचा वारा घेतल्यास, विशेषतः कमी घाम येणाऱ्या वृद्धांत, शरीर उलट तापते. आधी अंग ओले करावे. उन्हात रोज थोडे वावरल्यास एक ते दोन आठवड्यांत शरीर सरावते : घाम लवकर व जास्त येतो आणि त्यातील क्षार घटतात. चैत्रातल्या पहिल्या उष्ण लाटेत माणसे जास्त आजारी पडतात याचे एक कारण हा सराव झालेला नसतो, हे आहे. गाभा ४०° से.च्या वर जाऊन भ्रम, झटके किंवा बेशुद्धी आल्यास तो उष्माघात होय. अंगाला घाम असला तरी निदान बदलत नाही. रुग्णाला गार पाण्याने ताबडतोब थंड करणे हाच उपचार.

थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, अंगावर काटा येतो (दाट केसांअभावी माणसाला त्याचा उपयोग नगण्य) आणि स्नायूंची हुडहुडी उष्णतानिर्मिती काही पटींनी वाढवते. तान्ह्या बाळांना नीट हुडहुडी भरत नाही. त्यांची भिस्त तपकिरी मेदावर, म्हणजे जळून थेट उष्णता देणाऱ्या चरबीवर असते. प्रौढांतही हा मेद कार्यक्षम असतो हे २००९ मध्ये सिद्ध झाले. गाभा ३५° से.खाली उतरल्यास अल्पतापावस्था येते, सु. ३०°–३२° से.ला हुडहुडी थांबते, व हे लक्षण सुधारणेचे नसून गंभीर असते. मद्याने ऊब आल्यासारखी वाटते, पण त्वचेतील वाहिन्या रुंदावून उष्णता अधिकच बाहेर जाते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होऊ शकते.