भूल उतरली, पण स्नायूंचे काय?

कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेला शेतकरी आणि पित्ताशयाची शस्त्रक्रिया नुकतीच आटोपलेला रुग्ण यांच्यात काही नाते असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. मराठवाड्यातल्या एखाद्या सरकारी रुग्णालयात मात्र हे दोघे एकाच दिवशी असू शकतात आणि दोघांच्याही शरीरात एकाच विकराचे (एन्झाइमचे) काम अडलेले असू शकते; शेतकऱ्याच्या बाबतीत अपघाताने, दुसऱ्याच्या बाबतीत भूलतज्ज्ञाने मोजूनमापून.

ते विकर म्हणजे ॲसिटिलकोलिनएस्टरेज. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन बाहेर पडते, स्नायूवरच्या ग्राहींना, म्हणजे ते टिपणाऱ्या रेणूंना, चिकटते, स्नायू आकुंचन पावतो आणि लगेच हे विकर त्या रसायनाचे तुकडे करते. पोटाचे स्नायू ताठ असतील तर सर्जनचे काम अवघड होते. म्हणून १९४२ साली मॉन्ट्रियलच्या हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी क्युरारे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या बाणांचे विष, भुलीसोबत वापरले. आजची व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम ही औषधेही तेच करतात. ग्राहींची जागा अडवून बसतात. त्यांनी वेदना थांबत नाही की शुद्धही हरपत नाही. त्यामुळे बाकड्यावर बसलेले नातेवाईक ‘भूल उतरली का?’ असे विचारतात, तेव्हा त्या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न असतात.

स्नायूंत जोर परतावा म्हणून शस्त्रक्रियेनंतर बहुधा निओस्टिग्मिन टोचतात. ते विकराला रोखते, ॲसिटिलकोलिन साठत जाते आणि गर्दी करून शिथिल करणाऱ्या औषधाला ग्राहींवरून हुसकावते. पण साठलेले ॲसिटिलकोलिन हृदयाची गती मंदावते आणि लाळ वाढवते, म्हणून जोडीला हे परिणाम रोखणारे ग्लायकोपायरोलेट द्यावे लागते. फवारणीच्या विषबाधेत ॲट्रोपिन देतात तेही याच तर्काने. निओस्टिग्मिनचा पूर्ण परिणाम दिसायला दहाएक मिनिटे लागतात आणि त्याला मर्यादाही आहे: विकर पुरते अडले की मात्रा वाढवून काही साधत नाही, त्यामुळे स्नायू अगदी लुळे असताना ते निरुपयोगी ठरते.

सुगामाडेक्स या दुसऱ्या औषधाची रीत निराळी. ग्लुकोजच्या ८ घटकांचे हे कडे रोक्युरोनियमचा रेणू आपल्या पोकळीत कोंडून घेते आणि ती जोडी मूत्रावाटे बाहेर पडते. युरोपात २००८ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. परिणाम काही मिनिटांत दिसतो, पण ॲट्राक्युरियमवर ते चालत नाही आणि किंमतही बरीच आहे. संततिनियमनाच्या गोळ्यांचा प्रभावही ते कमी करू शकते, म्हणून त्या घेणाऱ्या स्त्रीला पुढचे ७ दिवस दुसरी काळजी घ्यायला सांगावे लागते. घाईत हे सांगायचे राहून जाऊ नये.

कोणतेही औषध दिले तरी स्नायूंत जोर परतला हे ओळखायचे कसे? ‘डोके उचलून पाच सेकंद धरा’ ही जुनी परीक्षा फसवी आहे, कारण जोर अर्धवट असतानाही अनेकांना ते जमते. मनगटापाशी, करंगळीच्या बाजूच्या मज्जातंतूला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने विजेचे ४ हलके धक्के दिले की अंगठा चार वेळा आत ओढला जातो. चौथी ओढ पहिलीच्या निदान ०.९ पट हवी. त्याखाली घशाचे स्नायू नीट मिटत नाहीत आणि लाळ श्वासमार्गात उतरण्याचा धोका राहतो. अडचण अशी की प्रमाण ०.४ च्या वर गेले की हाताला चारही ओढी सारख्याच लागतात, पुढचा फरक यंत्रच मोजू शकते. आपल्याकडच्या लहान रुग्णालयांनी महागड्या इंजेक्शनाआधी हे यंत्र घ्यावे, असे मला वाटते.